मंगळवारची खोली

जानेवारीतला मंगळवार होता. परतवाड्याहून घटांगमार्गे चिखलदऱ्याला चढलो तेव्हा दुपार कलली होती आणि उन्हातही स्वेटर काढवत नव्हता. मी नेहमी उतरतो त्या लॉजच्या काउंटरमागे चाव्यांचा लाकडी फळा आहे. चौदा खिळ्यांचा. माझी चावी घेतल्यावर फळ्यावर बारा उरल्या.

"पावसायात या, उभं राहाले जागा नाही भेटत," मालक म्हणाले. "अन् आता पाहा. चाव्या मोजत बसा." मग त्यांनी मोबाइल पुढे सरकवला. पडद्यावर गूगलच्या जाहिरातींचा हिशोब होता: इतक्या वेळा दिसली, इतके क्लिक, इतके रुपये. "सहा महिने झाले, देऊ रायलो. लोकं येते का, तं येते. पण ते जाहिरातीनं आले, का तसेही आले असते, हे कोण सांगन मले?"

त्यांनी हे चहा ओतता ओतता विचारलं. जाहिरातीच्या धंद्यात यापेक्षा अवघड प्रश्न नाही. तो अमेरिकेतल्या अवाढव्य कंपन्यांनाही पडला आणि त्याचं उत्तर शोधायला त्यांनी अर्थशास्त्रज्ञ नेमले. चौदा खोल्यांच्या मालकाला मात्र ते उत्तर स्वतःच्याच वहीत शोधावं लागतं. तो शोध कसा घ्यावा, हे समजून घेण्यासाठी मी ती संध्याकाळ आणि पुढचे कित्येक दिवस घालवले. कारण हा प्रश्न एका लॉजचा नाही. होमस्टे चालवणाऱ्या बाईचा आहे, मध विकणाऱ्या गटाचा आहे, आणि 'दादा, ऑनलाइन दिसला नाहीत तर संपलात' असं ज्यांना रोज ऐकवलं जातं त्या सगळ्यांचा आहे.

चिखलदऱ्याचं नाव आपल्याकडे कीचकाशी जोडलेलं आहे. भीमानं त्याला मारून दरीत फेकलं, ती कीचकदरा, तिचा पुढे चिखलदरा झाला, असं गावातलं पोरगंही सांगतं. इंग्रजांच्या बाजूनं हे ठिकाण शोधल्याबद्दल सांगितलं जातं ते हैदराबाद पलटणीच्या कॅप्टन रॉबिन्सनचं नाव आणि १८२३ हे साल. गाविलगडच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर असलेलं हे गाव विदर्भाचं एकमेव थंड हवेचं ठिकाण म्हणून ओळखलं जातं. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथे. मोथ्याच्या गवळ्यांचा खवा आणि रबडी, अलीकडे लागवडीला आलेली स्ट्रॉबेरी, आमझरीचा मध, भोवती मेळघाटचं जंगल आणि त्यात कोरकूंची गावं. एवढ्या सामग्रीवर इथला माणूस धंदा करतो.

आणि वर्ष मात्र एकसारखं नाही. जुलै ते सप्टेंबर, धुकं उतरलं आणि भीमकुंडाला पाणी आलं की शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. दिवाळीची सुटी आणि एकतीस डिसेंबरही तसेच. मे महिन्यात वऱ्हाड होरपळत असताना पुन्हा थोडी हालचाल. उरलेल्या दिवसांत, त्यातही सोमवार ते गुरुवार, गावात वाऱ्याचाच आवाज. म्हणून शनिवारची खोली आणि मंगळवारची खोली एकाच दाराची असली तरी बाजारात त्या दोन निराळ्या वस्तू आहेत. शनिवारची खोली स्वतःच विकली जाते. मंगळवारची खोली मंगळवारी गेली नाही, तर ती बुधवारी विकता येत नाही. खव्याला निदान बर्फाची पेटी आहे.

जाहिरातीचा सगळा हिशोब या एका फरकावर उभा आहे, असं माझं मत झालं आहे. पण तिथे येण्याआधी गूगलवर क्लिकची हर्रास, म्हणजे लिलाव, चालते कशी, ते पाहावं लागेल.

कापूस बाजार पाहिलेल्या वऱ्हाडी माणसाला हे समजावणं सोपं आहे. बाजार समितीच्या यार्डात गाडी उभी राहते, व्यापारी हात घालून कापूस पाहतात, बोली चढते, शेवटची बोली ज्याची त्याचा माल, आणि त्यानं बोललेलाच भाव द्यायचा. गूगलवर नागपूरच्या कुणीतरी 'चिखलदरा हॉटेल' असं टाइप केलं की तशीच एक हर्रास लागते. ती डोळ्याचं पातं लवण्याआधी संपते आणि प्रत्येक शोधाला नव्यानं होते. फरक दोन. एक, सगळ्यात मोठी बोली लावणारा वर बसेलच असं नाही. बोलीबरोबर जाहिरातीचा कस पाहिला जातो: लोक ती दाबतील का, शोधलेल्या शब्दांशी ती जुळते का, दाबल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का. दोन, जिंकणारा आपली पूर्ण बोली देत नाही. खालच्याला मागे ठेवायला जेवढं लागतं तेवढंच देतो. तुम्ही वीस रुपये बोललात, तुमच्याच कसाची खालची जाहिरात बारावर थांबली, तर तुम्हाला बाराच्या जरा वर पडतं.

क्लिकमागे पैसे घेण्याची ही पद्धत गूगलची नाही. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात बिल ग्रॉस यांनी 'गोटू' नावाच्या शोधसेवेवर ती चालवली. गूगलनं ऑक्टोबर २०००मध्ये अॅडवर्ड्स सुरू केलं तेव्हा जाहिरात किती वेळा दिसली यावर आकार होता. क्लिकची बोली आणि कसाची सांगड २००२मध्ये आली. २०१८पासून तिचं नाव गूगल अॅड्स. कसाला महत्त्व मिळालं, यात लहान धंद्याला खरी संधी आहे, हे मान्य करायला हवं. मोठ्या बुकिंग कंपनीचं पान हजार गावांसाठी एकाच साच्यातलं असतं. चौदा खोल्यांच्या मालकानं आपल्या पानावर देवी पॉइंट किती अंतरावर, मुक्कामाला गरम पाणी किती वाजेपर्यंत, जेवणात भाकरी मिळते का, एवढं नीट लिहिलं तरी ते पान शोधणाऱ्याला जास्त उपयोगी पडतं आणि क्लिक स्वस्त पडू शकतो.

आता मालकांच्या प्रश्नाकडे. ईबे ही जुनी ऑनलाइन बाजारपेठ शोधजाहिरातींवर वर्षाला कोट्यवधी डॉलर खर्च करत होती. तिथे काम करत असलेले अर्थशास्त्रज्ञ स्टीव्ह टाडेलिस आणि त्यांचे सहकारी टॉम ब्लेक व क्रिस नॉस्को यांनी २०१२मध्ये एक साधी गोष्ट केली: जाहिरात बंद करून पाहिली. 'ईबे' हे नाव टाइप करणाऱ्यांना याहू आणि एमएसएनवर दिसणारी ईबेचीच जाहिरात त्यांनी थांबवली. जाहिरातीवरून येणाऱ्या क्लिकांपैकी जवळजवळ सगळे, ९९.५ टक्के, लगेच खालच्या फुकटच्या दुव्यावरून आले. माणसं ईबेलाच निघाली होती. कंपनी त्यांच्यासाठी दारातच आपल्या खिशातून टोल भरत होती. मग अमेरिकेच्या काही भागांत इतर शब्दांवरच्या जाहिराती बंद केल्या. विक्रीत म्हणावा असा फरक पडला नाही; सरासरीनं पाहता जाहिरातीचा पैसाही वसूल होत नव्हता. एकाच गटात उपयोग दिसला: ज्यांना ईबे माहीत नव्हती किंवा जे क्वचित यायचे, त्यांच्यात. २०१५मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त हा अभ्यास छापून आला.

हा अभ्यास दाखवून 'जाहिरात म्हणजे पाण्यात पैसा' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला तो अर्थ अपुरा वाटतो. ईबे अमेरिकेत घराघरात ठाऊक होती. चिखलदऱ्याचं लॉज अकोल्यातही ठाऊक नाही. वेइजिया दाई, ह्युनजिन किम आणि मायकल लुका यांनी अमेरिकेतल्या येल्प या ग्राहक-अभिप्रायांच्या संकेतस्थळावर केलेला प्रयोग याची दुसरी बाजू दाखवतो. त्यांनी हजारो उपाहारगृहांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून तीन महिने फुकट जाहिरात दिली आणि बाकीच्यांशी तुलना केली. जाहिरातीनं गिऱ्हाईक वाढलं, आणि साखळीतल्या हॉटेलांपेक्षा स्वतंत्र उपाहारगृहांचा फायदा जास्त झाला. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले की एकच गोष्ट हाताला लागते. जाहिरात आपली ओळख नसलेल्यापर्यंत पोचली तर कामाची. निघालेल्याला वाटेत गाठत असेल तर वाया.

चिखलदऱ्यात 'निघालेले' कोण? 'चिखलदरा हॉटेल' शोधणारा प्रत्येक जण. त्यानं गाव ठरवलेलं आहे, बहुधा तारीखही. त्या शब्दांवर गावातल्या सगळ्या लॉजनी बोली लावली तर चिखलदऱ्यात एकही माणूस जास्त येत नाही. याचा पाहुणा त्याच्याकडे जातो, क्लिकचा भाव चढतो आणि ती चढलेली रक्कम घाट उतरून निघून जाते. मी गावातल्या एका जुन्या व्यावसायिकाला हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "म्हंजे आमीच आमच्यात हर्रास बोलू रायलो." नेमकं तेच. एकट्यानं माघार घेतली तर शेजारी वर बसतो, म्हणून कुणीच थांबत नाही.

याउलट 'नागपूरहून दोन दिवसांची सहल', 'अकोल्याजवळ थंड हवेचं ठिकाण', 'विदर्भात शांत होमस्टे' असं शोधणाऱ्यानं अजून काही ठरवलेलं नसतं. तो पचमढीला जाईल, तोरणमाळला जाईल, नाहीतर घरीच बसेल. त्याला मंगळवारच्या खोलीचा पत्ता देणारी जाहिरात गावात खरोखर नवा माणूस आणते. अशा शोधांतून बुकिंग कमी होतं हेही खरं, कारण माणूस अजून चाचपत असतो. म्हणून ही जाहिरात एकेकट्या लॉजपेक्षा सगळ्यांनी वर्गणी काढून, किंवा पर्यटन विभागानं, गावाच्या नावानं करावी असं मला ठामपणे वाटतं. रिकाम्या आठवड्यांची जाहिरात सामायिक, आणि पाहुणा आल्यावर ज्याची सोय चांगली त्याच्याकडे तो जाईल.

निघालेल्यांमधली सगळ्यात टोकाची जात म्हणजे तुमचं नाव टाइप करून येणारी. पाहुणा दोनदा येऊन गेलाय, नाव लक्षात आहे, फोन नंबर हरवलाय, म्हणून तो लॉजचं नाव शोधतो. ईबेचा धडा इथे लावला तर जाहिरातीची गरज नाही. पण ईबेच्या नावावर दुसरं कुणी बसलेलं नव्हतं. आपल्याकडे तुमच्या नावाच्या शोधात वरती एखाद्या बुकिंग कंपनीची जाहिरात असू शकते, आणि तुमचाच जुना पाहुणा तिच्यामार्फत तुमच्याकडे येतो; फरक एवढाच की आता त्याच्यावर दलाली पडते. हे कायद्यात बसतं का? डिसेंबर २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं मेकमायट्रिप आणि बुकिंग डॉट कॉम यांच्या वादात सांगितलं की दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर बोली लावणं एवढ्यानंच ट्रेडमार्कचा भंग होत नाही. ग्राहकाची फसगत होत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे कोर्टाची पायरी चढून फारसं काही हाती लागणार नाही. आपलं नाव शोधून पाहावं. वरती दुसऱ्याची जाहिरात दिसली तर आपल्या नावावर छोटी बोली ठेवावी, नसेल तर पैसे घालू नयेत. नावावरचा क्लिक सहसा स्वस्त असतो, कारण कस पूर्ण तुमच्या बाजूनं असतो.

बुकिंग कंपन्यांचा विषय निघाला की इथले मालक गप्प होतात किंवा फार बोलतात. दलाली सर्वसाधारणपणे १५ ते २५ टक्के, कधी त्याहून जास्त. ऑक्टोबर २०२२मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटींचा दंड ठोठावला. आक्षेपांपैकी एक असा होता की आमच्यापेक्षा कमी दरात खोली दुसरीकडे विकायची नाही, अशी अट हॉटेलांवर लादली जात होती. ती अट करारातून काढायला आयोगानं सांगितलं. लहान लॉजवाल्याच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट होती. पाहुण्याला 'थेट फोन करा, दोनशे कमी घेतो' असं म्हणता येणं, हाच तर थेट जाहिरातीचा पाया आहे.

आता दलाली आणि क्लिक शेजारी ठेवू. पुढचे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत; प्रत्येकानं आपले घालावेत. खोलीचा एका रात्रीचा दर २,५०० रुपये. चादर धुणं, साफसफाई, वीज, चहा असा त्या रात्रीमुळे वाढणारा खर्च ५००. म्हणजे रिकामी राहिली असती ती खोली गेली तर २,००० हातात. दलाली २० टक्के असेल तर ५०० तिकडे, उरले १,५००. आता क्लिक. भाव १२ रुपये धरू. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४ रुपये १६ पैसे. हा कर परत मिळेल या भरवशावर राहू नये: नोंदणी नसलेल्याला तो मिळत नाहीच, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के जीएसटी झाला तो खरेदीवरच्या कराची वजावट न देता. शंभर क्लिकांचे १,४१६ रुपये. शंभरातून तिघांनी खोली घेतली, तर दर बुकिंगला ४७२. दलालीपेक्षा थोडं स्वस्त. पडद्यावरचा हिशोब इथे थांबतो, आणि जाहिरात विकणाराही इथेच थांबतो.

पण त्या तिघांतला एक तसाही येणार होता, असं निघालं तर? नवे दोनच, प्रत्येकी ७०८ रुपये. दोघं तसेही येणार होते, तर उरलेल्या एका नव्या पाहुण्याची किंमत १,४१६. मंगळवारच्या खोलीला हेही परवडतं, कारण ती रिकामीच राहणार होती आणि दोन हजारांतून सहाशेच्या आसपास तरी उरतात. ऑगस्टातल्या शनिवारी मात्र फळ्यावर चावीच नसते. त्या दिवशीचा प्रत्येक क्लिक हा 'खोली नाही' हे सांगण्यासाठी दिलेला पैसा आहे. आणि गावातल्या बहुतेकांच्या जाहिराती कधी चालतात? पावसाळ्यात, जोरात. कारण तेव्हा हातात पैसा असतो, शोध वाढलेले असतात, पडद्यावर बुकिंगचे आकडे सुंदर दिसतात. हे उलटं करायला हवं. जाहिरातीत वार आणि वेळ ठरवता येते, मुक्कामाच्या तारखा मजकुरात लिहिता येतात. 'सोमवार ते गुरुवार' हे शब्द पहिल्याच ओळीत हवेत.

एक गोष्ट हिशोबात दिसत नाही. दलाली पाहुणा राहून गेल्यावर द्यावी लागते. क्लिकचे पैसे पाहुणा आला नाही तरी गेले. धोका कुणाच्या अंगावर, हा फरक दोनशे-चारशे रुपयांपेक्षा मोठा आहे. ज्याच्या गल्ल्यात महिनाभराचा किराणा आहे आणि बँकेचा हप्ता आहे, त्यानं दलालीला केवळ लूट म्हणू नये. ती महाग विमाही आहे.

त्या संध्याकाळी मालकांच्या मोबाइलवर आम्ही एक यादी उघडली. प्रत्यक्षात लोकांनी काय शोधलं आणि जाहिरात दाबली, याची नोंद जाहिरातखात्यात असते. सहा महिन्यांत ती कुणी पाहिली नव्हती. 'चिखलदरा हवामान आज'. 'स्कायवॉक सुरू झाला का'. हा स्कायवॉक सिडकोनं हाती घेतलेला, चारशे मीटरहून लांब, दरीवरचा. त्याच्या बातम्या येत राहिल्या तसतसे लोक शोधत राहिले, आणि त्या कुतूहलाचे पैसे लॉजवाल्यानं भरले. 'अमरावती चिखलदरा बस वेळ'. 'चिखलदरा तहसील कार्यालय'. 'मेळघाट सफारी बुकिंग', ते तर वनविभागाकडून होतं. मालक एकेक ओळ वाचत होते आणि त्यांचा आवाज बारीक होत गेला. नको असलेले शब्द आधीच लिहून ठेवले की त्यांवर जाहिरात दिसत नाही. ते काम अर्ध्या तासाचं आहे.

अशा गळत्या अनेक, आणि बहुतेक आयत्या सेटिंगमधून येतात. नागपूर निवडलं तरी आधीपासून ठरलेल्या पर्यायात नागपुरात 'रस' दाखवणारे बाहेरगावचेही धरले जातात. फक्त तिथे असलेल्यांनाच दाखवा, असा वेगळा पर्याय निवडावा लागतो. शोधजाहिरात म्हणून सुरू केलेला पैसा इतर संकेतस्थळांवरच्या चित्रजाहिरातींकडे वळू शकतो. दिवसाचं बजेट पाचशे ठेवलं तरी एखाद्या दिवशी दुप्पट खर्च होऊ शकतो. हिशोब महिन्यावर जुळवला जातो. 'शिफारशी' या रकान्यात बजेट वाढवण्याचा सल्ला येत राहतो. तो विकणाऱ्याचा सल्ला आहे हे ओळखून वाचावा. आणि चिखलदऱ्याची खास अडचण स्पेलिंगची. रोमन लिपीत हे नाव कुणी 'द'ला एच लावून लिहितं, कुणी न लावता, आणि देवनागरीत टाइप करणारे वेगळे. तिन्ही धरायला हवेत.

खातं कुणाच्या नावावर आहे, हेही मी विचारलं. दरमहा ठरावीक रक्कम घेणाऱ्या एका एजन्सीच्या नावावर होतं. मालकांना आठवड्याला एक चित्र व्हॉट्सअॅपवर येई. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका छोट्या प्रकाशन-प्रकल्पासाठी अशाच एका एजन्सीला पैसे दिले होते. काम थांबवलं तेव्हा खातंही तिच्याकडेच राहिलं, आणि कोणत्या शब्दांनी पुस्तकं विकली गेली ती सगळी माहिती त्याबरोबर गेली. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो: खातं तुमच्या ईमेलवर उघडा, चालवायला हवं तर दुसऱ्याला द्या. शिवाय महिन्याला सहा हजारांची जाहिरात आणि ती चालवायचे आठ हजार, हा संसार जुळत नाही.

फोनचं काय? मेळघाटाच्या या बाजूला नेटवर्क आलं-गेलं असतं. पावसात वीज गेली की टॉवरही धापा टाकतात. जाहिरातीतलं फोनचं बटण दाबलं की पैसे कापले जातात, मग इकडे घंटी वाजो की 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू येवो. धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. त्या गौरवाचा आनंद मलाही आहे. पण लॉजवाल्याच्या दृष्टीनं डिजिटल म्हणजे मंगळवारी रात्री आठला आलेला फोन लागणं. ज्याच्याकडे फोन लागत नाही त्यानं आधी परतवाड्यातल्या भावाचा नाहीतर भाच्याचा नंबर जोडावा, जाहिरात नंतर.

खोल्यांपेक्षा खाण्याच्या वस्तूंचा हिशोब निराळा आहे. मोथ्याच्या खव्यावर क्लिकची जाहिरात करावी का? माझं उत्तर सरळ नाही असं आहे. खवा टिकत नाही, घाटातून कुरिअर वेळेवर जाईलच असं नाही, आणि घाटात थांबून रबडी खाणाऱ्याला जाहिरातीची गरजच नाही. त्याला हवा तो नकाशावर नेमका ठिपका, म्हणजे गूगलवर व्यवसायाची नोंद. ती फुकट आहे.

मधाचं मात्र मन ओढतं. आमझरी हे तालुक्यातलं गाव राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या 'मधाचे गाव' योजनेत आलं. या योजनेतलं पहिलं गाव महाबळेश्वरजवळचं मांघर, २०२२चं. मध टिकतो, प्रवास सोसतो, त्याला गोष्ट आहे. पण नुसता 'मध' या शब्दावर बोली लावायची तर समोर देशातल्या बलाढ्य कंपन्या. बाटलीमागे १२० रुपये सुटतात आणि क्लिक आठ रुपयांना पडतो असं धरलं, तर पंधरा क्लिकांत एक बाटली गेली तरच बरोबरी, आणि तीही जीएसटी सोडून. अनोळखी दुकानात पंधरातला एक विकत घेतो, असं मानायला मी तयार नाही. 'मेळघाटचा मध' शोधणारे थोडे, पण ते ठरवून शोधणारे. तिथे क्लिक थोडे आणि बहुधा स्वस्त. खरा नफा दुसऱ्या बाटलीत आहे. लॉजवर राहिलेल्या पाहुण्यानं नेलेल्या बाटलीवर व्हॉट्सअॅपचा नंबर असेल, तर पुढच्या मागणीला क्लिक लागतच नाही. म्हणून आमझरीच्या मधाची सगळ्यात चांगली जाहिरात चिखलदऱ्याच्या न्याहारीच्या टेबलावर आहे, असं मी दोन्हीकडे सांगून आलो.

लहान माणसानं या बाजारात उतरताना आणखी एक गोष्ट जाणून असावी. ही हर्रास ज्याच्या यार्डात होते, त्या यार्डाचे नियमही तोच ठरवतो. अमेरिकी सरकारच्या खटल्यात २०२३मध्ये गूगलच्या जाहिरात विभागाच्या अधिकाऱ्यानं साक्षीत मान्य केलं की हर्राशीत बदल करून जाहिरातींचे भाव ५ टक्क्यांपर्यंत, काही शोधांसाठी १० टक्क्यांपर्यंत वाढवले जात, आणि जाहिरातदारांना ते सांगितलं जात नसे. ऑगस्ट २०२४मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधाच्या बाजारात गूगलनं बेकायदा मक्तेदारी राखली असा निकाल दिला. शोधजाहिरातींचे भाव स्पर्धेच्या धाकाविना वाढवता येत होते, हे त्यात नोंदलं गेलं. बाजार समितीत मापात खोट आली तर शेतकरी सभापतीला घेराव घालतो. इथे सभापतीच दिसत नाही. इथे खर्चाची मर्यादा आधी ठरवावी आणि ती आपणच पाळावी. दुसरं कुणी ती पाळायला येणार नाही.

फसवणुकीनं या बाजारावरचा विश्वासही पोखरला आहे. एप्रिल २०२५मध्ये गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं यात्रेकरू आणि पर्यटकांना सावध केलं: खोटी संकेतस्थळं, खोटे नंबर, आणि शोधसेवेवर पैसे देऊन वर आणलेल्या खोट्या जाहिराती. तक्रारीसाठी १९३० हा फोन क्रमांक. परिणाम असा की शहाणा पाहुणा आता जाहिरातीवरून थेट पैसे पाठवत नाही. आधी नकाशावरची नोंद पाहतो, लोकांनी काय लिहिलंय ते वाचतो, फोन करतो. फुकटची नोंद धड नसेल तर पैशाची जाहिरातही पांगळी. गूगलनं मार्च २०२१पासून हॉटेलांचे थेट बुकिंगचे दुवे फुकट दाखवायला सुरुवात केली, हेही इथल्या फार थोड्यांना ठाऊक आहे. आधी ते करा. नोंदीत यंदाचे फोटो घाला, गेल्या पावसाळ्यातल्या तक्रारीला नम्र उत्तर लिहा.

आणि मग 'कोण सांगन मले'चं काय? ईबेनं जे केलं तेच, लहान मापात. जानेवारी ते मार्च, फक्त सोमवार ते गुरुवारच्या मुक्कामासाठी, एक आठवडा जाहिरात चालू, एक बंद. दुसरा मार्ग गावांचा: अकोल्यात दाखवा, यवतमाळात नको, मग पाहुण्यांच्या रजिस्टरमधले पत्ते मोजा. यात एक अडचण आहे आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आठवड्याला तीन-चार पाहुणे येणाऱ्या ठिकाणी एक लग्नाचं वऱ्हाड किंवा एक सुटी सगळा आकडा हलवते. रँडल लुईस आणि जस्टिन राव यांनी मोठमोठ्या जाहिरात-प्रयोगांचा अभ्यास करून दाखवलं की लाखो लोकांवर केलेल्या चाचणीतही फायदा झाला की तोटा, हे ठामपणे सांगणं अनेकदा जमत नाही. तेव्हा एका महिन्यात निकाल लावू नये. दोन हंगाम नोंद ठेवावी आणि तोवर बुडाली तरी घर हलणार नाही एवढीच रक्कम घालावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी रजिस्टरमध्ये सही केली. मालकांनी रात्रीतून पट्टीनं एक नवा रकाना आखला होता: 'आमच्याबद्दल कसं कळलं?' माझ्या नावापुढे त्यांनी स्वतःच लिहून टाकलं होतं, 'जुने'. माझ्या वरच्या ओळीत दुसऱ्या खोलीतलं वर्ध्याचं जोडपं होतं. त्यांच्या पुढचा रकाना कोरा होता. मालक पेन हातात धरून त्यांच्या न्याहारीची वाट पाहत बसले होते.